बोलोन्यातली पंचमी

आठवणी म्हातारपणी लिहाव्यात, असं मला पुष्कळांनी सांगितलं. तोवर राग निवतो म्हणे, माणसं समजायला लागतात, वाक्यं गोड होतात. मला नेमकी त्याचीच भीती वाटते, म्हणून मी आत्ताच लिहायला बसले आहे. इथे ग्रोनिंगनच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, खिडकीबाहेर दुसऱ्यांच्या फीट्सवर, म्हणजे सायकलींवर, पाऊस पडतो आहे आणि माझा राग अजून गरम आहे. तो गार व्हायच्या आत कागदावर उतरलेला बरा.

त्या वर्षी झूटरमेरच्या आमच्या घरात आवाजांची वाटणी झाली होती. बाबा झोपण्याच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये असायचा. त्याचा ऑफिसचा आवाज घरच्या आवाजापेक्षा जाड आणि थोडा वाकलेला होता. मी माझ्या खोलीत डच शिक्षकांचं ऐकत असायची. शेवटच्या परीक्षेचं वर्ष पुढे उभं होतं, आणि शाळा म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचे चौकोन उरले होते. उरलेलं घर आईचं. म्हणजे तिचं स्वयंपाकघर, आणि तेही बाबाच्या परवानगीने. मीटिंग चालू असताना मिक्सर लावायला बंदी होती. आई झाकणावर हात दाबून, बटणावर बोट ठेवून उभी राहायची. बाबाने म्यूट झाल्याची थाप भिंतीवर दिली की चटणी घर्रकन फिरवून घ्यायची. दुसरी थाप पडली की हात काढायचा. मला ते बघून हसू यायचं. आज आठवलं की दात एकमेकांवर घासले जातात.

आई लग्नाआधी पिंपरीत एका कॉलेजात अकाउंट्स शिकवायची. इथे आली ती बाबाच्या राहण्याच्या परवान्याला जोडलेली बायको म्हणून. मग मी झाले, मग भाषा अडली, मग डबे सुरू झाले. हेगमध्ये एकटी राहणारी आपली मुलं तिच्याकडून पोळी-भाजी न्यायची. टाळेबंदीत ते वाढलं. बाहेरचं काही मिळेना आणि घरची आठवण तर येतच होती. सकाळी तव्याचा वास, दुपारी तव्याचा वास. आईच्या उजव्या मनगटावर वाफेने पोळल्याचा एक चट्टा कायमचा होता. त्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, हे माझं घड्याळ.

मला मराठी वाचायला शिकवलं तेही आईनेच, आणि ते पुस्तकांवर नव्हे. तिचे वडील, माझे नाना, पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. पत्रकं लिहायचे, छापून घ्यायचे, पाळी सुटताना गेटवर उभे राहून वाटायचे. आई इथे येताना त्या पत्रकांचा एक गठ्ठा घेऊन आली होती. झूटरमेरमध्ये तेव्हा मराठी शाळा नव्हती, म्हणून तो गठ्ठाच माझं पाठ्यपुस्तक झाला. बाकीची मुलं कमळ आणि खटारा करत अक्षरं शिकली. मी पहिला जोडाक्षरी शब्द वाचला तो ‘धिक्कार’. दुसरा ‘व्यवस्थापन’. सात-आठ वर्षांची असताना मी जेवणाच्या टेबलावर उभी राहून ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणून भाषण करायची. बाबा पोट धरून हसायचा आणि आई एक अक्षरही न चुकता पुढचं वाक्य सांगायची. माझी मराठी अशी आहे ती त्यामुळे. मला अजूनही हळू बोलता येत नाही.

बोलोन्याचं नाव आमच्या घरात प्रथम काढलं ते आईने. टाळेबंदीच्या त्या वसंतात ती कणीक मळताना मिठाच्या बरणीला फोन टेकवून इटलीतल्या बायकांचे व्हिडिओ बघायची. बोलोन्यातल्या बायका होत्या त्या. हाताएवढं लांब लाटणं, दारासारखा मोठा पाट, आणि त्यावर अंड्याच्या पिठाचा पिवळा पत्रा, लाटता लाटता पाटाच्या कडेवरून चादरीसारखा खाली लोंबायला लागलेला. आई बघत राहायची. माझ्याकडे न बघता म्हणायची, बघ, कोपर कसं उचलते आहे. तिने त्या गावाबद्दल वाचायला सुरुवात केली. तिथले रस्ते म्हणे कमानींच्या ओवऱ्यांतून जातात, गावभर पाऊस न लागता चालता येतं. तिथे जुनं विद्यापीठ आहे, तिरके मनोरे आहेत, लाल भिंती आहेत. तिथे मला एकदा जायचंय, असं ती म्हणाली. आईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्यात सीमा उघडल्या. आणि आईची ही इच्छा देवधरकाकूंच्या कानावर गेली, तिथून देवधरकाकांच्या. काका म्हणजे बाबाचे मॅनेजर. त्याच्याच भारतीय कंपनीचे, पण तिथे जास्त वर्षं मुरलेले, घर विकत घेतलेले, डच पासपोर्टवाले. ते कामावर बाबाचे सर होते आणि गणपतीत सगळ्यांचे काका. त्या दिवसांत कंपनीतले प्रोजेक्ट एकेक करून बंद होत होते. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हे काकांच्या शब्दावर आहे असं सगळे धरून चालले होते. आमच्यासारख्यांची नोकरी गेली की परवानाही थोड्या महिन्यांचा सोबती असतो. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर सामान बांधा. माझी परीक्षा, आमचं भाड्याचं घर, आईचे डबे, सगळं त्या एका माणसाच्या मर्जीला टांगलेलं होतं. निदान बाबाला तसं वाटत होतं, आणि भीतीला तेवढं पुरतं.

काकांनी बोलोन्याची ट्रिप ठरवून टाकली. आम्ही, देवधर पती-पत्नी आणि लहान बाळ असलेलं एक तरुण जोडपं, मिळून एक मोठं घर भाड्याने घ्यायचं. ठरवायच्या बैठकीला आमच्या बागेत सगळे लांब लांब खुर्च्या टाकून बसले होते. काकांनी आपल्या अडचणी मांडल्या. कोरोनात हॉटेलचं खाणं धोक्याचं. शिवाय श्रावण लागणार, त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद. शिवाय इटालियन चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग जेवणाचं काय करायचं, असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि शेवटी बाबाकडे. बाबा लगेच म्हणाला, “सुजाता करेल की. तिला आवडतं.”

तिला आवडतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटी वाक्यं वाचली आहेत. नानांच्या पत्रकांत व्यवस्थापनाची विधानं अवतरणचिन्हांत दिलेली असायची. पण इतकं छोटं, इतकं सोयीचं आणि इतक्या प्रेमळ आवाजात म्हटलेलं खोटं मी दुसरं ऐकलेलं नाही. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने बाबाकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि विचारलं की कणीक किती घ्यावी लागेल.

आम्ही युरोपच्या अर्ध्या लांबीवरून पोळपाट-लाटणं वाहून नेलं. गाडीच्या डिकीत कुकर, तवा, कणकेची पोती, मेतकूट, गोडा मसाला, दोन प्रकारची लोणची. माझी बॅग मला पायांत घ्यावी लागली. आल्प्सच्या लांबलचक बोगद्यातून जाताना मागून मसाल्याचा वास येत होता, आणि आई पुढच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून बसली होती. फोनवर नकाशा असताना तिने तो मुद्दाम छापून घेतला होता. मधूनच मला मागे वळून सांगायची की मनोऱ्यांपासून चौक जवळ आहे, चौकापासून बाजार जवळ आहे.

घर गावाच्या मध्यावर होतं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोल्यांना हिरव्या झडपा होत्या, आणि त्या उघडल्या की गेरूच्या रंगाच्या भिंती, कौलं, चर्चच्या घंटा, खाली कमानींखाली चालणाऱ्या माणसांच्या बोलण्याचा घुमणारा आवाज. स्वयंपाकघर मागे होतं. त्याची खिडकी एका अरुंद बोळात उघडायची आणि समोर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत होती. आईने बोलोन्या पाहिलं ते एवढं. पहिल्या सकाळी सगळे आवरून निघाले तेव्हा ती म्हणाली की पोळ्या झाल्या की येते. पोळ्या होईतो दुपारच्या जेवणाची वेळ झाली. जेवणं उरकून भांडी होईतो चारचा चहा. चहानंतर काकांना गरम काहीतरी लागायचं. दुसऱ्या दिवशी तेच. मी आईबरोबर थांबते म्हणाले, तर तिने मला बाहेर ढकललं. म्हणाली, “तू तरी बघ आणि मला येऊन सांग.”

म्हणून मी बघितलं. देवधरकाकांच्या मागे मागे, तोंडावर मास्क, डोक्यावर ऊन. मोठ्या चौकातलं ते प्रचंड चर्च पाहिलं, ज्याच्या दर्शनी भिंतीला खाली संगमरवर आहे आणि वर नुसत्या उघड्या विटा. शेकडो वर्षांत कोणाला ते पुरं करता आलेलं नाही. काका म्हणाले, आपल्याकडे असतं तर सरकारला शिव्या घातल्या असत्या. ते प्रत्येक इमारतीपुढे पाठ करून उभे राहायचे आणि बाबा त्यांचे फोटो काढायचा. मनोऱ्यांपुढे काकांनी हात असा धरला की जणू तेच तिरका मनोरा पेलत आहेत. तो फोटो नीट येईना, तेव्हा माझा बाप भर उन्हात रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि फोन वर धरून राहिला. मी तोंड फिरवलं. एका उपाहारगृहाच्या दारात ताटलीतून लोण्याचा आणि कुठल्याशा पानांचा असा वास येत होता की माझे पाय थांबले. काका म्हणाले, चला चला, घरी वहिनींनी भरली वांगी केली आहेत. ती वांगी आईने कांदा-लसणाशिवाय केली होती, कमानीखालच्या भाजीवाल्याकडून मी आणून दिलेली, आणि ती सुंदर झाली होती. त्याचाही मला राग आला.

रोज संध्याकाळी भांडी पुसताना मी आईला वृत्तांत द्यायची. ओवऱ्यांचे खांब कसे आहेत, लाकडी आहेत, दगडी आहेत, कुठे गुळगुळीत झाले आहेत. ती ऐकायची आणि विचारायची की लाटणाऱ्या बायका दिसल्या का. मला दिसल्या नव्हत्या. काकांना बाजाराच्या त्या गल्लीत जायचं नव्हतं, कारण तिथे मांस टांगलेलं असतं.

मग मी माझ्या परीने जे येत होतं ते केलं. वहीतला कागद घेऊन मी पत्रक लिहिलं. ‘या घरातील सर्व रहिवाशांना जाहीर आवाहन’ असं वर, आणि खाली मागण्या. स्वयंपाक आळीपाळीने व्हावा, रोज एक जेवण बाहेर घ्यावं, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला शहर पाहण्याचा समान हक्क असावा. ते मी जेवणाच्या खोलीच्या दारावर चिकटवणार होते. आधी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती नानांची मुलगी आहे, तिचे डोळे चमकतील. ती पीठ चाळत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान आहे. पण हे लावू नकोस. माझ्या नावाने दुसऱ्या कोणी काही काढलेलं मला नको आहे.” मी चिडून नानांचं नाव घेतलं. तेव्हा तिने चाळण खाली ठेवली. “नानांनी जन्मभर पत्रकं काढली,” ती म्हणाली. “आणि घरी आल्यावर आजीने वाढलेलं गरम जेवले. आजी कधी जेवायची, ते एकाही पत्रकात नाही. गठ्ठा तुझ्याकडे आहे, शोधून बघ.”

मी नंतर शोधलं. तिचं खरं होतं. त्या दिवसापासून मी नानांची भाषा वापरते, पण त्यांच्यावरही रागावून वापरते.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. आदल्या रात्रीच्या जेवणात काकूंनी विषय काढला. काकू तशा बोलायला मऊ, पण सणावाराच्या बाबतीत करड्या. उद्या चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, असं त्यांनी त्या तरुण जोडप्याला समजावून सांगितलं. मग वाफवलेली पुरणाची दिंडं करायची पद्धत आहे असं म्हणून आईकडे बघून हसल्या. आई वाढता वाढता थांबली. तिने विचारलं, तुमच्याकडे फार कडक पाळतात का हो काकू? काकू म्हणाल्या, अगदी. काकांनी पोळीचा तुकडा मोडत पुस्ती जोडली, “परंपरा ती परंपरा. इटलीत आलो म्हणून सोडायची नसते.” आई म्हणाली, बरोबर आहे.

सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघर पुसून लखलखीत होतं. ओट्यावर एका कागदावर पेनाने काढलेला नाग, त्यापुढे वाटीत दूध आणि लाह्या. टेबलावर केळी आणि पीच ठेवलेले. तवा उपडा. पोळपाट भिंतीशी उभा. आई निळा सुती ड्रेस घालून, केस बांधून, मास्क हातात घेऊन खुर्चीवर बसली होती. सगळे जमल्यावर तिने सांगितलं की आज स्वयंपाकघर बंद. काकूंनी दिंडांचं विचारलं. दिंडांना कणीक लाटावी लागते, आई म्हणाली, आणि आमच्याकडे पंचमीला लाटतही नाहीत. आमच्याकडे म्हणजे कुठे, ते मला कळेना. नानांच्या घरी पंचमीला कसलंच काही पाळत नसत. पण ‘आमच्याकडे’ या शब्दापुढे आपल्यात कोणाचं काही चालत नाही, हे आईला काकूंइतकंच पक्कं माहीत होतं. काका म्हणाले की परदेशात थोडंफार चालतं हो. तर काकूच त्यांच्यावर खेकसल्या, “कसं चालतं? काल तर म्हणालात.” आई उठली. बाबाने तिला दारात गाठून हळूच विचारलं की मग सर काय जेवणार. फळं आहेत, ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.

ओवऱ्यांत सावली होती आणि दगडी फरशी रात्रीची गार होती. आई हळू चालली. ती प्रत्येक खांबाला हात लावत होती, जसं मंदिरात लावतात तसं नाही, भिंत ओली आहे का बघतात तसं. चौकात तिने ते अर्धवट चर्च बराच वेळ पाहिलं. मग आम्ही बाजाराच्या गल्लीत शिरलो. वर डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, खाली बर्फावर मासे, मध्येच टोमॅटोचे आणि पीचचे ढीग, आणि सगळीकडे मास्कमधून ओरडणारी माणसं. आई कशाकडेही नाक न मुरडता बघत गेली. आणि एका काचेपुढे थांबली.

आत दोन बायका लाटत होत्या. पांढरे कोट, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. पिवळा पत्रा लाटण्याभोवती गुंडाळायचा, पुढे लोटायचा, उलगडायचा, चतकोर फिरवायचा. आईने कपाळ काचेला टेकवलं. दोघींमधल्या वयस्कर बाईने तिला पाहिलं आणि हाताने आत बोलावलं. आई आत गेली, मी मागोमाग. त्या बाईने, बहुधा रोज येणाऱ्या पर्यटकांना दाखवतात तसं, हसून लाटणं आईपुढे धरलं. आईने दोन्ही हात पाठीमागे नेले. “नो, नो,” ती म्हणाली. “टुडे हॉलिडे.”

तरुण बाईला इंग्रजी येत होतं. ती हसली, तिने वयस्कर बाईला सांगितलं, ती त्याहून जोरात हसली. आई मात्र हसत नव्हती. ती मला म्हणाली, “हिला पगार असतो का, विचार.” मला लाज वाटली, तरी विचारलं. असतो म्हणाली, अर्थातच असतो, आणि रविवारी सुट्टी, पण पुरेसा नसतो. टाळेबंदीत दुकान बंद होतं तेव्हाही काही मिळालं, उशिरा मिळालं. मी भाषांतर केलं. आईने मान हलवली, जसं एखादं उत्तर बरोबर आलं की वर्गात हलवत असेल. त्या बायकांचं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याबद्दल ‘तिला आवडतं’ म्हणून कोणी विषय मिटवत नव्हतं.

जेवायला आम्ही एका बोळातल्या अंगणात बसलो. आईने यादी वाचली, मला अर्थ विचारले, आणि आत पांढरं चीज भरलेल्या, बाहेर लोणी आणि सेजची पानं घातलेल्या मोठ्या गुंडाळ्या मागवल्या. ताटली आली तेव्हा तिच्यातून वाफ निघत होती. आई ताटलीकडे बघत राहिली. कोणीतरी केलेलं, कोणीतरी आणून ठेवलेलं, गरम. तिने पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले, आणि मग भराभर नाही, अगदी सावकाश, मधे मधे काटा खाली ठेवत खात राहिली. ती बारीक मान हलवून स्वतःशीच काहीतरी ठरवत होती: आवरण किती पातळ आहे, मीठ कुठे आहे. फोन वाजत होता. बाबा. तिने दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला. सर थांबलेत, तो म्हणाला असावा. “आम्ही जेवतोय,” आई म्हणाली. “जागा आहे. तू पण ये.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मला फक्त ‘सर’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. आईने फोन उलटा ठेवला. टेबलाशी तिसरी खुर्ची होती. वेटर ती दुसऱ्या टेबलाला न्यायला आला, तर आईने त्याला थांबवलं. आमचं खाणं संपलं, कॉफी संपली. शेवटी तिनेच त्याला बोलावून ती उचलून न्यायला सांगितली.

दुपारी परतलो तर ते तरुण जोडपं बाळाला घेऊन पिझ्झा खायला गेलेलं होतं. काकू पडल्या होत्या. काका केळ्याच्या सालांसमोर बसले होते आणि बाबा त्यांच्यासमोर. काका हसून म्हणाले की मग वहिनी, झाली का मजा, उद्यापासून नेहमीसारखं ना? आई पाणी प्यायली, पेला विसळला आणि म्हणाली, नाही. उरलेले दिवस ज्याने त्याने आपापलं बघावं, मी गाव बघायला आले आहे. काका तिच्याशी बोललेच नाहीत. ते बाबाकडे वळले आणि अगदी मायेच्या सुरात म्हणाले, “मिलिंद, ऑगस्ट अवघड जाणार आहे हं सगळ्यांनाच. अशा वेळी आपण एकमेकांना धरून राहायला हवं.”

खोलीत एकदम गार झालं. बाबाची मान खाली गेली. मला वाटलं आता आई चहा टाकायला जाणार. ती काकांसमोरची खुर्ची ओढून बसली.

“देवधर साहेब,” ती म्हणाली. काका म्हणाली नाही. “मिलिंदच्या नोकरीचा आणि माझ्या पोळ्यांचा काय संबंध आहे, ते सगळ्यांसमोर एकदा सांगा. काकूंनाही उठवते मी.”

काका लाल झाले. तुम्ही भलताच अर्थ काढताय वहिनी, असं म्हणाले. “म्हणजे संबंध नाही,” आई म्हणाली. “मग बरं झालं. मिलिंदनेही ऐकलं.” बाबाने ऐकलं होतं. तो फरशीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडून काय यावं? “सुजाता, पुरे.” मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्या क्षणी मी काकांपेक्षा माझ्या बापावर जास्त संतापले होते, आणि आजही, त्याच्यावर माझं एवढं प्रेम असताना, त्या दोन शब्दांसाठी मी त्याला पूर्ण माफ केलेलं नाही.

पुढचे दिवस आई रोज बाहेर पडली. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत जाणारी ती लांबच लांब कमानींची वाट आम्ही दोघी चढलो, वर बसून पीच खाल्ले, आणि खालचं लाल गाव तिने हातातल्या नकाशावर ताडून पाहिलं. बाबाने काकांसाठी खिचडी केली. ती बुडाला लागली. काकांनी ती मुकाट्याने खाल्ली, असं मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या. परतीच्या प्रवासात आई-बाबा एकमेकांशी बोलले ते पेट्रोल आणि टोलपुरतं. बाबाची खात्री होती की आईने आमचा परवाना त्या टेबलावर पणाला लावला आहे. तो तसं म्हणाला नाही, पण घरभर तेच पसरलं होतं. दर मीटिंगनंतर तो आईकडे असं बघायचा, जणू निकाल तिच्या हातात आहे.

नोकरी दिवाळीच्या आधी गेली. नंतर ब्रेडाच्या एका कंपनीत त्याला मिळाली, मुदत संपता संपता, आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. मी परीक्षा तिथून दिली. आई आता तिथल्या एका गोदामवाल्यांच्या ऑफिसात हिशेब बघते. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण मला ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी फक्त नोकरी गेली होती आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून देवधरकाकांच्या फोनची वाट बघत होता. आई समोर डचचा अभ्यास करत होती. फोन आला, बाबाने स्पीकर लावला. काका हळहळले. मग म्हणाले की हे वरून जूनमध्येच ठरलं होतं रे, माझ्या हातात काही नव्हतं. ट्रिपमध्ये मुद्दाम बोललो नाही, तुमचा मूड कशाला घालवायचा.

आईचं पेन थांबलं. बाबा फोनकडे वाकला. मग त्याचा घरचा आवाज आला, ऑफिसचा नव्हे.

“म्हणजे जेवताना तुम्हाला माहीत होतं.”

काका म्हणाले, काय?

“माझ्या बायकोच्या हातच्या पोळ्या खात होतात, तेव्हा माहीत होतं. ऑगस्ट अवघड जाणार म्हणालात, तेव्हा माहीत होतं.”

तू हे फार पर्सनली घेतो आहेस मिलिंद, असं काहीतरी काका म्हणत होते, इतक्यात बाबाने फोन बंद केला. मी त्याला इतका रागावलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि मला कबूल करायला हवं की मला बरं वाटलं. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं.

“सुजाता, त्या दिवशी तिथे तू काय खाल्लंस?”

आईने पुस्तकावरून मान वर केली. ती सांगेल असं मला वाटलं, ती वाफ, ते लोणी, ते पातळ आवरण. पण तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

“तेव्हा यायचं होतंस,” ती म्हणाली, आणि पान उलटलं.